मंदी-तेजी, कंपन्यांची अधिग्रहणे आणि न्यायालये: फ्यूचर रिटेलचा व्यवहार नेमका कशामुळे फसला?

तिमाही_अहवाल (प्रश्न)

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गासाठी टिपणे काढताना एका ठिकाणी अडलो आहे, म्हणून बँकिंग आणि कायदा क्षेत्रातील येथील जाणकारांना विचारत आहे.

पाठ्यपुस्तकांतील मांडणी सरळ असते. व्याजदर उतरले की कर्ज काढून कंपनी विकत घेणे परवडते, म्हणून अधिग्रहणे वाढतात. मंदी आली की बँका हात आखडता घेतात, व्यवहार थंडावतात, थकबाकी साचते आणि तिच्या मागोमाग खटले येतात. फ्यूचर रिटेलचे प्रकरण मात्र या मांडणीत बसत नाही. फ्यूचर समूहाचा किरकोळ व घाऊक विक्री, गोदामे आणि मालवाहतूक यांचा व्यवसाय 24,713 कोटी रुपयांना घेत असल्याचे रिलायन्सने 29 ऑगस्ट 2020 रोजी जाहीर केले आणि 23 एप्रिल 2022 रोजी हा व्यवहार पूर्ण करता येत नसल्याचे कळवले. या सगळ्या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) 4 टक्क्यांवर होता आणि बँकांकडे रोकड मुबलक होती. खरेदीदाराला पैशाची चणचण नव्हती, विक्रेता विकायला तयार होता, बँका वसुलीकडे डोळे लावून होत्या, आणि तरीही बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल जुलै 2024 मध्ये अवसायनात (मालमत्ता विकून कंपनी बंद करण्याच्या प्रक्रियेत) निघाली.

तेव्हा हा व्यवहार अर्थस्थितीने बुडवला, कायद्याने बुडवला की बँकांच्या दिरंगाईने? आणि दुसरे असे, की ‘परिस्थिती बदलली’ हा युक्तिवाद न्यायालयात कितपत टिकतो?

निवृत्त_कर्जविभाग

मी सरकारी बँकेच्या मोठ्या कर्जांच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे हे प्रकरण धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) खुर्चीतून पाहतो. फ्यूचर समूह बँकांच्या व्याजदरामुळे अडचणीत आला नाही, त्यामुळे रेपो दर 4 टक्के असण्याने तो वाचण्याचाही प्रश्न नव्हता. प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवून कर्जे उचलली होती. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला, कंपनीच्या शेअरची किंमत निम्म्याहूनही खाली गेली, तारण अपुरे पडले आणि धनकोंनी गहाण शेअर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास टाळेबंदी लागली आणि दुकानांतील रोजचा गल्ला आटला. कपडे व घरगुती वस्तू विकणाऱ्या दुकानाला दोन-तीन महिन्यांचा खंडही जड जातो, कारण भाडे, पगार आणि पुरवठादारांची देणी थांबत नाहीत. रिलायन्सला विकण्याचा निर्णय अशा कोंडीतून आलेला होता.

अॅमेझॉनचा विरोध येथे आडवा आला. अॅमेझॉनने 2019 मध्ये ‘फ्यूचर कूपन्स’ या प्रवर्तक कंपनीत 49 टक्के हिस्सा सुमारे 1,400 कोटींना घेतला होता, आणि फ्यूचर रिटेलची मालमत्ता ठरावीक स्पर्धकांना विकायची नाही, अशी अट करारात होती. त्या स्पर्धकांत रिलायन्स होती. ऑक्टोबर 2020 मध्ये सिंगापूरच्या आपत्कालीन लवादाने व्यवहाराला अंतरिम मनाई केली. पुढे दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग आणि कंपनी कायदा न्यायाधिकरण अशा चारही दारांत एकाच वेळी कामकाज सुरू राहिले. अशा आपत्कालीन लवादाचा आदेश भारतात अंमलबजावणीयोग्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2021 रोजी ठरवले. डिसेंबर 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने अॅमेझॉनच्या मूळ गुंतवणुकीलाच दिलेली मंजुरी स्थगित केली आणि 200 कोटींहून अधिक दंड ठोठावला. कायद्याच्या अभ्यासकांसाठी यातला प्रत्येक आदेश मोलाचा आहे. बँकेसाठी महत्त्वाचे एवढेच, की या काळात तारणाचे मूल्य महिन्यागणिक आटत होते.

ते कसे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. पोलाद कारखान्याची भट्टी खटला चालू असतानाही जागच्या जागी राहते. साखळी दुकानांच्या कंपनीकडे मात्र स्वतःची जमीन क्वचितच असते. तिची खरी मालमत्ता म्हणजे मोक्याच्या जागांचे भाडेकरार, फळ्यांवरचा माल आणि पुरवठादारांचा विश्वास. भाडे थकले की भाडेकरार जातो. फेब्रुवारी 2022 पासून हेच घडले: ज्या जागांचे भाडेपट्टे रिलायन्सने आधीच स्वतःकडे घेतले होते, अशा आठशेहून अधिक दुकानांचा ताबा तिने घेतला. त्यानंतर एप्रिलमध्ये रिलायन्सला विक्रीची योजना मतदानाला आली तेव्हा भागधारक आणि बिगर-तारण धनको यांनी ती मंजूर केली, पण तारणधारक धनकोंपैकी 69.29 टक्के मते विरोधात पडली. माझ्या मते तोवर बँकांना विकण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत सुमारे 21,000 कोटींचे दावे आले आणि त्यासमोर आलेला प्रस्ताव काहीशे कोटींचा होता. धनकोंनी तोही फेटाळला.

बँका दिवाळखोरीच्या अर्जासाठी न्यायाधिकरणाकडे आधीच का गेल्या नाहीत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोविडमुळे सरकारने दिवाळखोरी संहितेत 10-अ हे कलम घातले. 25 मार्च 2020 पासून पुढच्या एका वर्षात झालेल्या थकबाकीसाठी ऋणकोविरुद्ध (कर्जदाराविरुद्ध) दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही, तो काळ उलटल्यावरही नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने एकवेळच्या कर्ज पुनर्रचनेची खिडकी उघडली आणि फ्यूचरचे कर्ज त्या खिडकीतून पुनर्रचित झाले. या पुनर्रचनेनुसार 31 डिसेंबर 2021 पर्यंत भरायचे सुमारे 3,500 कोटी कंपनीने भरले नाहीत, तेव्हा कुठे बँकांच्या हाती वापरता येण्याजोगी थकबाकी आली. बँक ऑफ इंडियाने एप्रिल 2022 मध्ये न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला आणि न्यायाधिकरणाने तो जुलैमध्ये दाखल करून घेतला. मंदीत ऋणकोला श्वास घेता यावा म्हणून केलेल्या तरतुदीने येथे धनकोचे हात बांधले, आणि ऋणकोही वाचला नाही. तरतूद चुकीची होती असे मी म्हणणार नाही. लाखो छोट्या उद्योगांना तिने तारले असेल. मात्र वाद आधीच चालू असलेल्या आणि झपाट्याने आटणाऱ्या धंद्याला ती लागू पडली, तेव्हा तिने वेळ विकत घेतला आणि तो सगळा वेळ वकिलांच्या तारखांत गेला.

कलम_छप्पन

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वकिलीच्या अनुभवावरून असे, की ‘परिस्थिती बदलली’ हा युक्तिवाद सगळेच करतात आणि तो क्वचितच टिकतो.

भारतीय करार कायद्याच्या कलम 56 नुसार करारपूर्ती अशक्य झाली तर करार संपतो. महाग झाली, तोट्याची झाली, एवढ्याने संपत नाही. इंडोनेशियातील कायदा बदलल्यामुळे तेथील कोळसा महागला, म्हणून वीज खरेदी करारांतून सवलत मागणाऱ्या अदानी आणि टाटा समूहांच्या वीज कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 च्या ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात या मुद्द्यावर नकार दिला. आपल्या मुंबईतले उदाहरण तर ऐन टाळेबंदीतले आहे. दक्षिण कोरियातून पोलाद मागवणाऱ्या काही आयातदारांनी एप्रिल 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि टाळेबंदीमुळे बँकांना पतपत्रांवरील (आयातदाराच्या वतीने विक्रेत्याला पैसे देण्याच्या हमीवरील) पैसे देण्यापासून रोखावे, अशी मागणी केली. माल पोहोचलेला होता. न्यायालयाने मनाई नाकारली: पतपत्र हा बँक आणि विक्रेता यांच्यातील स्वतंत्र व्यवहार आहे, अनिवार्य (टाळता न येणाऱ्या) संकटात सूट देणारी अट करारात होती ती केवळ विक्रेत्याच्या सोयीची होती, आणि पोलादाच्या वाहतुकीला तेव्हा बंदीही नव्हती. त्या तीन कारणांपैकी पहिले बँकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, कारण बाजार पडला की पतपत्र थांबवता येते असे एकदा ठरले असते, तर आयात-निर्यातीचा गाडाच अडला असता.

कंपन्यांच्या खरेदीत यापेक्षा बारीक शब्दयोजना असते. खरेदी करारात ‘कंपनीच्या स्थितीत गंभीर प्रतिकूल बदल झाल्यास खरेदीदारास माघार घेता येईल’ असे कलम असते, आणि त्यालाच जोडून ‘मात्र एकूण अर्थव्यवस्था, व्याजदर किंवा त्या उद्योगातील सर्वसाधारण बदल त्यात धरले जाणार नाहीत’ असा अपवादही असतो. म्हणजे मंदीचा धोका खरेदीदाराने उचलायचा आणि कंपनीच्या स्वतःच्या दुखण्याचा धोका विक्रेत्याने, अशी ती वाटणी असते. अमेरिकेत डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात अशी प्रकरणे सर्वाधिक येतात, आणि या कलमाखाली खरेदीदाराची माघार तेथे पहिल्यांदा मान्य झाली ती थेट 2018 मध्ये, फ्रेसेनियस आणि अकॉर्न या औषध कंपन्यांच्या वादात.

2008 चे हंट्समन प्रकरण आपल्या वर्गासाठी सर्वांत योग्य ठरेल, कारण अधिग्रहण, बँक आणि खटला हे तिन्ही धागे त्यात एकत्र येतात. अपोलो या गुंतवणूक संस्थेच्या मालकीच्या हेक्सियन कंपनीने जुलै 2007 मध्ये हंट्समन ही रसायन कंपनी प्रतिशेअर 28 डॉलरने, कर्जासह सुमारे 10.6 अब्ज डॉलरना घेण्याचे मान्य केले. दुसऱ्या कंपनीची 25.25 डॉलरची बोली मोडून हा करार झाला होता. पैसा किती स्वस्त होता हे त्यावरून दिसते. क्रेडिट स्विस आणि डॉइशे बँक यांनी कर्जाची हमी दिली होती. काही आठवड्यांतच पतबाजार गोठला. जून 2008 मध्ये हेक्सियनने न्यायालयात जाऊन सांगितले, की दोन्ही कंपन्या एकत्र आल्या तर नवी कंपनी नादार (देणी फेडू न शकणारी) ठरेल आणि बँका कर्ज देणार नाहीत. 29 सप्टेंबर 2008 रोजी, लेहमन ब्रदर्स बुडून दोन आठवडे झाले असताना, न्यायालयाने गंभीर प्रतिकूल बदलाचा दावा फेटाळला. एवढेच नव्हे, तर नादारीचा अहवाल मिळवून तो जाहीर करण्यात हेक्सियनने जाणूनबुजून करारभंग केल्याचे ठरवले. त्यामुळे करारातील 32.5 कोटी डॉलरची भरपाईची कमाल मर्यादा तिला लागू राहिली नाही.

खरी मेख पुढे आहे. न्यायालयाने खरेदीदाराला कर्ज मिळवण्यासाठी आवश्यक ती सर्व पावले उचलायला सांगितले. पण बँका त्या खटल्यात पक्षकारच नव्हत्या. नवी कंपनी देणी फेडू शकेल असे सक्षमतेचे प्रमाणपत्र समाधानकारक नाही, असे म्हणत त्यांनी ऑक्टोबरअखेर पैसे देण्यास नकार दिला. डिसेंबरमध्ये अपोलो समूहाने 1 अब्ज डॉलर देऊन तडजोड केली आणि हंट्समनने टेक्ससमध्ये बँकांवरच खटला चालवला. जून 2009 मध्ये बँकांनी 63.2 कोटी डॉलर रोख आणि 1.1 अब्ज डॉलरची कर्जे देऊन तो मिटवला. त्या कर्जांचे व्याजदर बाजारापेक्षा नरम होते, म्हणून विक्री न होताही हंट्समनला मंदीतून निभावून नेणारा पैसा खटल्यातूनच मिळाला, असे म्हणता येते.

झारसुगुडा_एक्सप्रेस

वरील दोन्ही प्रतिसादांत बाजार पडल्यामुळे झालेली भांडणे आहेत. बाजार चढला तरी भांडणे होतात आणि ती जास्त चिवट असतात, हे नोंदवावेसे वाटते. भूषण पॉवर अँड स्टीलचे प्रकरण पाहा.

रिझर्व्ह बँकेने जून 2017 मध्ये ज्या 12 मोठ्या थकीत खात्यांवर दिवाळखोरीची कारवाई करायला बँकांना सांगितले, त्यांत ही कंपनी होती. वित्तीय धनकोंचे दावे 47,000 कोटींहून अधिक. जुलै 2017 मध्ये प्रक्रिया सुरू झाली तेव्हा पोलाद नुकते मंदीतून सावरत होते आणि बोली लावणाऱ्यांत टाटा स्टील, लिबर्टी हाउस व जेएसडब्ल्यू असे तिघे होते. त्यांच्यातच मुदत, वाढीव बोली यांवरून वाद झाला. जेएसडब्ल्यूचा कंपनी घेऊन देणी चुकवण्याचा सुमारे 19,700 कोटींचा आराखडा सप्टेंबर 2019 मध्ये मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने जुन्या प्रवर्तकांवरील आरोपांसाठी कंपनीची 4,000 कोटींहून अधिक मालमत्ता जप्त केली. जुन्या मालकाच्या गुन्ह्याचे ओझे नव्या मालकावर पडू नये म्हणून सरकारला संहितेत 32-अ हे कलम घालावे लागले. यात 2020 उजाडले, टाळेबंदीत पोलादाचे भाव कोसळले, आणि जेएसडब्ल्यूने बँकांना पैसे चुकते केले ते मार्च 2021 मध्ये, म्हणजे भाव विक्रमी उंचीकडे निघाले असताना.

येथे गणित उलटे होते. किंमत ठरली 2019 च्या बाजारात, पैसे आले 2021 च्या बाजारात. तोपर्यंत कारखाना चालूच होता आणि नफाही कमावत होता. मग तो मधल्या काळातला नफा कोणाचा? धनको म्हणाले आमचा, जेएसडब्ल्यू म्हणाली आराखड्यात तसे लिहिलेले नाही. जुने प्रवर्तक आणि काही पुरवठादार मूळ मंजुरीविरुद्धच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 2 मे 2025 रोजी न्यायालयाने आराखडा बेकायदा ठरवून कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. चार वर्षे चाललेला, विस्तारलेला कारखाना मोडीत काढायचा, आणि बँकांनी घेतलेले पैसे परत करायचे, असा त्याचा अर्थ होता. जुलैअखेर न्यायालयाने हा निर्णय मागे घेतला आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी जेएसडब्ल्यूचा आराखडा कायम केला. मधल्या नफ्यावरील धनकोंचा दावाही फेटाळला, कारण बोली मागवतानाच्या दस्तऐवजात तशी तरतूद नव्हती. माझ्या मते हा निकालाचा सर्वांत उपयुक्त भाग आहे: तेजीचा वाटा हवा असेल तर धनकोंनी तो आधीच लिहून घ्यावा.

भाव 2021 मध्ये चढण्याऐवजी उतरले असते तर हेच धनको त्या दस्तऐवजाला घट्ट धरून बसले असते आणि जेएसडब्ल्यू सुटकेची वाट शोधत असती. म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की मंदी किंवा तेजी एकटी फार काही करत नाही. किंमत ठरणे आणि पैसे हातात पडणे यांत जितके महिने जातात, तितका अर्थस्थितीला शिरकाव मिळतो. खटला ते महिने वाढवतो, आणि वाढलेले महिने पुढच्या खटल्याला कारण पुरवतात.

गाळा_नंबर_सात

आपण सर्वांनी बँका आणि खरेदीदार यांच्याविषयी लिहिले. पुरवठादारांचे काय? संहितेच्या कलम 53 मधील उतरंडीत तारणधारक बँका आणि कामगार वर आहेत, माल उधारीवर देणारा लघुउद्योजक बराच खाली. त्याला धनकोंच्या समितीत सहसा मतही नसते. टाळेबंदीत दाव्याची किमान रक्कम 1 लाखावरून 1 कोटी केली, तेव्हा ऋणको म्हणून त्याला संरक्षण मिळाले खरे, पण धनको म्हणून त्याचे मोठे हत्यारही गेले. एस्सार स्टीलमध्ये आर्सेलरमित्तलला बोलीची पात्रता टिकवण्यासाठी खोपोलीच्या उत्तम गाल्वा आणि केएसएस पेट्रॉन या कंपन्यांची साडेसात हजार कोटींच्या आसपासची थकबाकी भरावी लागली. ती बँकांना मिळाली. वसुलीचे असे अनपेक्षित योगही बँकांच्याच वाट्याला येतात.

तिमाही_अहवाल

सर्वांचे आभार. निवृत्त_कर्जविभाग यांना आणखी एक विचारतो. भारतीय बँकांना बराच काळ शेअर खरेदीसाठी, म्हणजे अधिग्रहणासाठी, कर्ज देण्यास जवळजवळ मनाई होती. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2025 च्या पतधोरणात ती उठवण्याची दिशा जाहीर केली. हंट्समन प्रकरणात बँकांची जी गत झाली, ती आता आपल्याकडेही होईल का?

निवृत्त_कर्जविभाग

शक्यता आहे, पण लगेच नाही. टाटांनी कोरस आणि जग्वार लँड रोव्हर घेतले तेव्हा कर्ज मुख्यतः परदेशी बँकांकडून आले. जग्वार लँड रोव्हरचा 2.3 अब्ज डॉलरचा व्यवहार जून 2008 मध्ये पूर्ण झाला आणि त्यासाठी 3 अब्ज डॉलरचे तात्पुरते कर्ज होते, वर्षभरात फेडायचे. तीन महिन्यांत लेहमन बुडाली. ते कर्ज फेडण्यासाठी टाटा मोटर्सने 2009 मध्ये काय धावपळ केली, हे तेव्हाच्या वार्षिक अहवालांत दिसते. अशा वेळी कर्ज आपल्या बँकांच्या खात्यांत असते, तर ताण येथे आला असता.

अलीकडचे उदाहरण ट्विटरचे. एप्रिल 2022 मध्ये ठरलेला 44 अब्ज डॉलरचा व्यवहार, त्यात बँकांनी कबूल केलेले 13 अब्ज डॉलरचे कर्ज. जुलैमध्ये इलॉन मस्क यांनी माघारीची नोटीस दिली, ट्विटरने डेलावेअरमध्ये दावा लावला, आणि सुनावणीआधीच मस्क व्यवहार पूर्ण करण्यास तयार झाले. तोवर अमेरिकी मध्यवर्ती बँकेने व्याजदर इतके वाढवले होते, की ते कर्ज बँकांना ठरल्या भावाने पुढे विकता येईना. दोन वर्षांहून अधिक काळ ते त्यांच्याच वह्यांत पडून राहिले.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यात म्हणूनच बँकेच्या भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा होती आणि खरेदीदाराने किमतीचा काही भाग स्वतः घालण्याची अट होती. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कर्ज देण्याच्या कबुलीपत्रातील कलम. आपल्या बँका मंजुरीपत्र देतात तेव्हा त्यात ‘बँकेच्या मते परिस्थिती प्रतिकूल झाल्यास’ अशी सैल सुटका ठेवतात. अधिग्रहणात विक्रेता ती मान्य करणार नाही, आणि करू नये. त्याला खात्रीचा पैसा हवा असतो. खात्री द्यायची तर व्याजदरवाढीचा धोका सहा-आठ महिने बँकेने स्वतःकडे ठेवायचा आणि त्याचे शुल्क आधीच वसूल करायचे. हे शुल्क किती आकारावे याचा अनुभव आपल्या कर्जविभागांकडे अजून नाही, आणि पहिली दोन-चार कर्जे चढ्या बाजारात दिली गेली तर तो अनुभव महागात मिळेल.